अडीच किलोच्या दोन चकत्या

तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातात लोखंड द्यावं का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. एसटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकानं तर मयतीला जाताना चालता चालता विचारला. माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे. द्यावं. बिनघोर द्यावं. फक्त देणाऱ्याला ते कधी काढून घ्यायचं हे कळलं पाहिजे.

मी कृष्णाकाठच्या एका हायस्कुलात व्यायाम शिकवतो. कराडहून एसटीनं पाऊण तास लागतो, पण जिल्हा सांगली. इतर मास्तरांच्या लेखी मी म्हणजे शिट्टी वाजवणारा, प्रभातफेरीत पुढं चालणारा आणि गणिताचं पोर्शन राहिलं की ज्याचा तास न विचारता घ्यावा असा माणूस. माझी त्याबद्दल तक्रार नाही. शाळेच्या मागं एक पत्र्याची खोली आहे, पूर्वी तिथं जळण ठेवायचे, तिथं माझं खरं राज्य.

तिथलं लोखंड कुठल्या दुकानातून आलेलं नाही. दांडा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरनं ओढून सरळ करून दिला. चकत्या भंगारातल्या जाड पत्र्यातून कापल्या. त्यांचं वजन किती हे कळायला हवं, म्हणून पोत्यात भरून कराडच्या गुळाच्या अडतीवर नेल्या आणि तिथल्या काट्यावर एकेक ठेवून तोलल्या. अडत्या म्हणाला, "मास्तर, ह्यो गूळ लय कडक निघाला की!" प्रत्येक चकतीवर पांढऱ्या रंगानं आकडा मी स्वतः घातला. दहा, पाच, अडीच.

नवीन पोरगं आलं की त्याची नजर पहिल्यांदा त्या दहाच्या चकतीवर जाते. मी त्याच्या हातात बांबूची काठी देतो. पहिले दोन महिने काठीच. काठी जमिनीवरून उचलायची, छातीशी घ्यायची, डोक्यावर न्यायची, तशीच खाली ठेवायची. पाठ सरळ, टाचा टेकलेल्या, नजर समोर. पोरं कंटाळतात.

"मास्तर, ही काठी तर आमची म्हातारी बी उचलंल."

"मग उद्या म्हातारीला घेऊन ये. तिची पाठ तुझ्यापेक्षा सरळ राहिली तर तुझ्या जागी तिचं नाव घालतो."

पोरं हसतात, पण काठी धरतात. दोन महिन्यांनी रिकामा दांडा. तो नीट वर गेला की अडीचच्या दोन चकत्या. वजन वाढवायचं ते इतकं सावकाश की पोराला वाटलं पाहिजे, मास्तर कंजूष आहे.

आमच्या भागात व्यायाम म्हणजे आकडा. तालमीत पाचशे जोर म्हटले की पाचशे, मग शेवटच्या शंभराला कंबर झोळीसारखी लोंबली तरी चालेल. आकडा हा नवस असतो, तो फेडायचा असतो. मी पोरांना सांगितलं आहे, आकडा तुम्ही मोजा, मी पाठ बघतो. पाठ वाकली की मोजणी संपली, मग तो आकडा सात असो की सत्तर. आठवड्यातून तीन दिवस, मधल्या दिवशी सुट्टी. परीक्षेच्या आठवड्यात कमी. ताप येऊन गेलेल्याला काठीपासून परत. बाहत्तर साली दुष्काळात पोरं रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी खाऊन यायची, त्या वर्षी मी सगळ्यांचा व्यायाम निम्म्यावर आणला. पोटात नाही ते दंडात कुठून येणार? त्यावरही एक पालक भांडायला आले होते, की फी तीच आणि जोर निम्मे कसे. आमच्या शाळेत व्यायामाला फी नाही हे त्यांना समजावण्यात माझा एक तास गेला.

वजनानं पोराची उंची खुंटते असं लोक सांगतात. मी त्यांना विचारतो, सुट्टीत पोराच्या पाठीवर खताची पोती देता, तेव्हा उंचीला काही होत नाही का? खरी गोष्ट एवढीच की वाढत्या पोराच्या हाडाला, टोकाजवळ, एक कोवळी चकती असते. हाड लांब होतं ते तिथून. कोवळ्या उसाचा शेंडा वाकवा, जिथं तो वाढत असतो तिथंच मोडतो. तसंच हे. ताकदीच्या व्यायामानं ती मोडत नाही. उतावीळपणानं मोडते. आणि पोर जेव्हा म्हणतं की सांध्यापाशी दुखतंय, तेव्हा ते आळस करत नसतं, ती चकती बोलत असते. माझ्या खोलीत 'दुखतंय' हा शब्द कुणी उच्चारला की दांडा खाली. का, कसं, विचारणं नंतर.

दोन वर्षांपूर्वी शालन नावाची मुलगी गोळा फेकायची. हाताला ताकद होती, पण सगळा गोळा ती नुसत्या हातानं फेकायची, पाय झोपलेले. मी तिला बैठका आणि दांडा सुरू केला. तिसऱ्या दिवशी तिची आई पदर खोचून शाळेत.

"आवं मास्तर, पोरीचं दंड फुगलं तर बांगड्या कुठनं बसायच्या? आन तिला करून घेणार कोन?"

"वहिनी, शालन विहिरीवरून रोज किती घागरी आणते?"

"धा तरी."

"डोक्यावर एक, काखेत एक?"

"व्हय, मग? सगळ्याच आणत्यात."

"मग आजवर तिचे दंड फुगले नाहीत ते कसे? मी देतो ते वजन तुमच्या दोन भरल्या घागरींपेक्षा कमी आहे. शिवाय मी एक दिवसाआड सुट्टी देतो. तुम्ही देता?"

त्या माउलीला हसू आलं. "सुट्टी! ती आमाला कवा गावली, म्हून तिला देऊ?"

शालन सांगलीच्या स्पर्धेत दुसरी आली. पहिली का नाही आली म्हणून परतीच्या एसटीत ती माझ्याशी बोलली नाही. मला त्या अबोल्याचा फार अभिमान वाटला. बांगड्यांचं म्हणाल तर तिच्या बांगड्या आहेत तशाच बसतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा गृहस्थ उपजत शहाणा असावा. तसं नाही. मला हे सगळं एका पोराच्या डाव्या मनगटानं शिकवलं, आणि त्याची किंमत त्या पोरानं मोजली. त्याच्या घराबाहेर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोला अर्धी ठाऊक होती. ती पुरी लिहायची तर त्या पोराला विचारणं भाग होतं. विचारलं. नाव बदलतो म्हणालो, तर तो म्हणाला, "कशाला? मी काय केलंय?" म्हणून नाव खरंच लिहितो. संपत.

सत्तर साली संपत सातवीत होता. अंगानं काटक, पण दांडा असा उचलायचा की बघत राहावं. काही पोरांना ताल उपजत असतो. मी नुकताच मुंबईहून एक अभ्यासक्रम करून आलो होतो, डोक्यात वारं होतं, आणि तेव्हा काठी-बिठी काही नव्हती. आल्या दिवसापासून लोखंड. संपतचे वडील पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सारा गाव त्यांना हवालदारच म्हणायचा. घरी ऊस होता, पाणी होतं, पण त्यांच्या घरात तीन पिढ्या पलटणीत गेल्या होत्या आणि चौथीबद्दल चर्चा नव्हती.

संपतला पहिलीत घालताना हवालदार सुट्टीवर आले होते. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आमच्याकडे अर्ध्या गावाचा जन्म शाळेच्या दप्तरात एक जूनला झालेला आहे, त्यामुळे तारखेचा प्रश्न नव्हता. साल तेवढं सांगायचं होतं. हवालदारांनी दोन वर्षं वाढवून सांगितलं. लोक वय कमी लावतात, नोकरी लांबते म्हणून. ह्यांना घाई होती. पोरगं दोन वर्षं आधी भरतीला उभं राहील, एवढाच हिशेब.

दप्तरात संपत पंधराचा होता. खरा तेराचा. हे मला कसं ठाऊक? संपतच्या बारशाला माझ्या बायकोला बोलावणं होतं आणि ती जाऊ शकली नाही, कारण ती स्वतः पाच दिवसांची बाळंतीण होती. माझी कुसुम आणि संपत एका श्रावणातले. कुसुमचं वय मला ठाऊक होतं तर संपतचंही होतं.

त्या वर्षी सांगलीला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत वजन उचलण्याचा प्रकार होता. अट होती, पंधरा वर्षं पूर्ण. सगळ्यात हलक्या गटात उतरायला पंधरा वर्षांची पोरं मिळत नव्हती, कारण त्या वयाची पोरं जड असतात. माझ्याकडे मात्र कागदावर पंधराचा आणि काट्यावर तेराचा असा मल्ल होता. विजेत्याची ढाल आमच्याच शाळेत येणार होती. दाखला मी माझ्या हातानं लिहिला, हेडमास्तरांनी नुसती सही केली. 'पंधरा वर्षे पूर्ण' हे शब्द लिहून घरी आलो तेव्हा कुसुम उंबऱ्यात बसून सागरगोटे खेळत होती. मी तिच्या अंगावरून आत गेलो.

स्पर्धेच्या आधी दहा-बारा दिवस संपत म्हणाला, "मास्तर, डावं मनगाट दुखतंया."

मी म्हणालो, "दुखणारच. दुखतंय म्हणजे ताकद येतीय."

हे वाक्य मी तालमीत ऐकलं होतं. आजही पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. पुढं दोनदा त्यानं तेच सांगितलं, दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं.

एका सकाळी प्रार्थनेच्या आधी आम्ही खोलीत होतो. दुसरी पाच-सहा पोरं होती. संपतनं पस्तीस किलो डोक्यावर घेतले आणि खाली ठेवले. जरा हात झटकला. मी अडीचच्या दोन चकत्या उचलल्या, एक ह्या बाजूला आणि एक त्या बाजूला चढवली. चाळीस. चाळीस गेले की ढाल आमची, हे मी मनात केव्हाच ठरवलं होतं.

संपत दांड्याकडे बघत उभा राहिला. "मास्तर, उद्या करू का?"

"उद्या म्हणणाऱ्याला पलटणीत घेत नाहीत."

त्याचा बाप रोज त्याला जे बोलायचा तेच मी बोललो, आणि मुद्दाम बोललो. संपतनं दांडा छातीशी घेतला, वर नेला. क्षणभर दोन्ही हात ताठ होते. मग डावा पंजा मागं गेला. दांडा तिरका होऊन त्याच्या मागं आदळला आणि संपत डाव्या हातावर पडला. ओरडला नाही. मनगट मांडीत धरून बसून राहिला.

कुणीतरी पळत जाऊन हवालदारांना आणलं. हेडमास्तर आले. दाराशी ही गर्दी. हवालदारांनी पोराकडं न बघता मला विचारलं, "मास्तर, काय झालं?"

त्यावेळी मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "मी नको म्हणत होतो. माझी पाठ वळल्यावर त्यानं आपल्या आपण चकत्या चढवल्या."

खोलीत पाच-सहा पोरं होती. सगळ्यांनी बघितलं होतं. एकही बोललं नाही. मास्तर बोलत असताना कोण बोलणार? हवालदारांनी संपतच्या कानशिलात दिली. "मास्तरांनी सांगितलेलं ऐकू येत न्हाई व्हय रं?" संपतनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मी पुढं काहीतरी बोलेन असं त्याला वाटत होतं. मी बोललो नाही.

हात मिरजेला दाखवायला हवालदार आणि मी दोघं त्याला घेऊन गेलो. तिथले हाडांचे डॉक्टर वयस्कर होते, शांत बोलायचे. त्यांनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि बोटानं दाखवलं. "ही बघा वाढीची चकती. ही जागची सरकलीय. बसवतो. पण मुलाचं वय किती?"

हवालदार म्हणाले, "पंधरा पुरी."

डॉक्टरांनी संपतकडं बघितलं, मग पुन्हा फोटोकडं. "लहान वाटतो. नक्की पंधरा? मी का विचारतोय ते ऐका. पंधरा पुरे असतील तर वाढ थोडी राहिलीय, फारसं बिघडणार नाही. पण तेराचा असेल तर पुढं तीन-चार वर्षं एक हाड वाढेल, शेजारचं वाढणार नाही, आणि हात वाकडा होईल. मग दर तीन महिन्यांनी आणून दाखवावं लागेल, वेळेत काही करता येईल."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. दाखल्यावर अक्षर माझं होतं. मी म्हणालो, "शाळेच्या दप्तरात पंधरा आहे, डॉक्टर."

खोटं नव्हतं. दप्तरात होतंच. त्या खोलीत आम्ही दोन जाणती माणसं उभी होतो, दोघांनाही त्या पोराचा जन्म ठाऊक होता, आणि दोघांनी मिळून दप्तराचा आधार घेतला. त्यांना भरतीची भीती, मला नोकरीची. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे," आणि प्लास्टर घातलं. प्लास्टर काढल्यावर पुन्हा आणायला सांगितलं नाही.

मी खोलीला कुलूप लावलं ते वर्षभर. गावात लोक म्हणू लागले की बघा, वजनानं हात जातो. मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही, कारण खोडायचं तर खरं सांगावं लागलं असतं. त्या वर्षात मी शिकलो. पुण्याहून पुस्तकं मागवली, मिरजेला त्या डॉक्टरांकडं चार वेळा गेलो, हाडं कशी वाढतात ते विचारून वहीत लिहून घेतलं. ते एकदा म्हणाले, "व्यायामाचे शिक्षक हे विचारायला आले म्हणून बरं वाटलं." तेव्हाही त्यांना संपतचं वय सांगता आलं असतं. वर्ष उलटलं नव्हतं, अजून वेळ होती. मी वही मिटून एसटीला आलो. पूर्वी मी ही गोष्ट मनातल्या मनात सांगायचो तेव्हा चकत्यांपाशी थांबायचो. खरं म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा हा आहे. चकत्या क्षणभराचा मोह होता. इथं मला विचार करायला एसटीचे दोन तास होते.

खोली उघडली तेव्हा बांबूची काठी घेऊन उघडली. तेव्हापासून माझ्या खोलीत एकाही पोराला इजा झालेली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि शेजारच्या गावांतले मास्तर आता माझ्याकडं बघायला येतात. त्यांना मी सगळं शिकवतो.

संपतचा हात डॉक्टरांनी सांगितला तसाच वाकडा होत गेला. दर वर्षी थोडा. मनगटाजवळचं एक हाड वर आलं, पंजा एका अंगाला कलला. तो उन्हाळ्यातही पुऱ्या बाहीचा सदरा घालायचा. रस्त्यात भेटला की "राम राम, मास्तर" म्हणायचा. अकरावी सोडून तो घरच्या गुऱ्हाळावर काम बघू लागला. धावण्यात मात्र खंड नाही. रोज पाटाच्या कडेनं पळताना दिसायचा.

पंच्याहत्तर साली साताऱ्याला भरती होती. संपत पळण्यात पहिल्या पाचांत आला. उंची बसली, वजन बसलं, छाती फुगली. मग तपासणीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, हात पुढं, पंजे उताणे. संपतचा डावा पंजा अर्ध्यावर थांबला. झालं.

हे मला हवालदारांनीच सांगितलं, कराडच्या एसटी स्टँडावर. आग्रहानं चहाला घेऊन गेले.

"अनफिट! मास्तर, तीन पिढ्यांत हा शब्द आमच्या घरात आला न्हवता. त्येला मी म्हनलं, गाढवा, त्या दिवशी मास्तरांचं ऐकलं असतंस तर आज पलटणीत असतास. तुमी काय कमी शिकवलं? पोरगंच करंटं. पाच वर्सं झाली, मी त्येच्याशी कामापुरतं बोलतो."

"पाच वर्षं?"

"मग? हुकूम मोडणारा मानूस मला सोसत न्हाई. तुमी घ्या, चहा घ्या. गार होतोय."

मी कप खाली ठेवला. हात गेला हे मला दिसत होतं, भरती गेली हे आता कळलं होतं. पण माझ्या एका वाक्यामुळं ते पोर बापाच्या घरात पाच वर्षं हुकूम मोडणारा म्हणून जगतंय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हाताचं आता काही करता येणार नव्हतं. ह्याचं येत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सायकल काढून त्यांच्या गुऱ्हाळावर गेलो. संपत काहिलीवर होता, उकळत्या रसावरची मळी काढत होता. उजव्या हातानं. मला बघून झारा गड्याच्या हातात दिला आणि बाहेर आला.

"मास्तर, गरम गूळ आणू?"

"नको. संपत, त्या चकत्या मी चढवल्या होत्या."

 तो हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. "मला काय सांगताय? मी तितंच हुतो की."

"तू घरी कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. त्याच दिवशी, मिरजंवरनं आल्यावर. बाबांनी दुसरी कानसुलात हाणली. म्हनलं, मास्तर खोटं बोलत न्हाईत."

 तो पुढं म्हणाला, "मग मी बी बोलायचं सोडलं. कुनाला सांगायचं? तुमी सांगशीला म्हून वर्सभर वाट बघितली."

"आता सांगतो. चल माझ्याबरोबर."

"आता काय उपेग?"

"हाताला नाही. घरात होईल."

 त्यानं आत काहिलीकडं बघितलं. मग म्हणाला, "माझ्याम्होरं सांगायचं. आन मी मधी काय बोलनार न्हाई. तुमचं तुमी."

हवालदार सोप्यात दाढी करत होते. मला बघून उठले, टॉवेलनं फेस पुसला, घोंगडं पसरलं. "या या, मास्तर! अगं, च्या टाक!"

"चहा नंतर. हवालदार, आधी ऐका. बसून ऐका."

ते बसले. मी उभाच राहिलो. मी सगळं सांगितलं. मनगट दुखतंय असं तो तीनदा म्हणाला होता ते. उद्या करू का म्हणाला होता ते. चकत्या कुणी चढवल्या ते. दाराशी मी काय बोललो ते.  संपत खांबाला टेकून उभा होता.  आतून त्याची आई दारात आली होती, तिच्या हातात कपबशी तशीच राहिली.

हवालदार माझ्या अंगावर धावून येतील अशी माझी तयारी होती. ते आले नाहीत. अर्धी दाढी झालेली, अर्धी राहिलेली, जमिनीकडं बघत बसले.

"आणि मिरजेला," मी म्हणालो, "डॉक्टरांनी वय विचारलं. त्याचा जन्म मला ठाऊक होता. माझ्या कुसुमचा आणि त्याचा एकच श्रावण. मी दप्तर पुढं केलं."

"ते मला बी ठावं हुतं," हवालदार म्हणाले. आवाज इतका खालचा की त्यांचा वाटेना. "बाप मी हाय. मी पंधरा म्हनलो तवा तुमी दप्तर काढलं."

 मी त्यांना त्यांच्या वाट्याचं सांगायला गेलो नव्हतो, पण त्यांनी आपला वाटा आपण उचलला. मी मात्र माझा उचलायला पाच वर्षं लावली होती.

हातातल्या टॉवेलची घडी घालत ते म्हणाले, "मास्तर, तुमी आता जावा."

मी पायऱ्या उतरलो. त्या घरानं मला एरवी कधी रिकाम्या तोंडानं सोडलं नव्हतं. त्या दिवशी कुणी थांबा म्हणालं नाही, आणि ते योग्यच होतं. अंगणात सायकल सरळ करत होतो तेव्हा मागं हवालदारांचा आवाज आला. हुकमाचा नव्हे, दुसराच.

"संपत. तवा लय दुखलं हुतं का रं?"

त्याचं उत्तर माझ्यासाठी नव्हतं. मी सायकल हातात धरूनच रस्त्याला लागलो.